सतरावं पायदान

परवा दुकानात एक मुलगा चार्जरची वायर घ्यायला आला होता. काउंटरवर एक सात इंची रेकॉर्ड पडली होती, मधोमध दीड इंचाचं भोक असलेली. त्यात बोट घालून ती गरगरा फिरवत तो म्हणाला, "अंकल, हिचा मधला भाग कुणी खाल्ला?"

ज्यूकबॉक्सने खाल्ला, म्हटलं. मग ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकलं की हवी ती प्लेट वाजवणारं यंत्र, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली. तोवर एक पंखा आणि दोन इस्त्र्या वाट बघत बसल्या. दुकान दुरुस्तीचं आहे, म्हापशात, बाजारापासून फार लांब नाही. मिक्सर, पंखे, टीव्ही, पूर्वी रेडिओ. मागच्या खोलीत लोखंडी रॅकवर इंग्रजी गाण्यांच्या चारशे बारा सिंगल्स, म्हणजे दर बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डी, उभ्या आहेत. बहुतेक सगळ्या 1960 ते 1969 मधल्या, आणि बहुतेक सगळ्या पडलेल्या. पडलेल्या म्हणजे न चाललेल्या. ज्यांचं नाव खपाच्या यादीत आलं नाही, किंवा यादीच्या उंबऱ्यापाशी येऊन परत गेलं, अशा. पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, मग ठेवल्या कशाला?

आमच्या पिढीला ही गोष्ट बिनाका गीतमालेवरून चटकन कळते. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावायचा, वडील जेवत असले तरी आवाज वाढवायचा. सोळा पायदानं, म्हणजे लोकप्रिय गाण्यांचे सोळा क्रमांक. सोळाव्यापासून अमीन सायानी वर चढत जायचे आणि शेवटी बिगुल. आम्ही भावंडं वहीत लिहून ठेवायचो. आता मला सांगा, सतराव्या पायदानावर कोणतं गाणं होतं? ते कुणी वाचून दाखवलं नाही, म्हणून कुणाच्या वहीत आलं नाही. पण ते होतंच ना कुठेतरी. कुणीतरी वाजवलं होतं, गायलं होतं, प्लेट दमदममध्ये छापली होती, दुकानात आली होती.

अमेरिकेत निदान सतराव्याची नोंद तरी ठेवत. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाची शंभर गाण्यांची यादी 1958च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी खाली आणखी एक यादी जोडली, एकशे एकपासून पुढच्यांची, शंभरात येऊ पाहणाऱ्यांची. नाव 'बबलिंग अंडर'. भात शिजायला लागला की झाकणाखाली बुडबुडे येतात, तसं. त्यातली काही गाणी पुढच्या आठवड्यात वर यायची, बाकीची तिथेच विझायची. या विझणाऱ्यांत एकदा बीटल्सही होते. 1963मध्ये त्यांचं 'फ्रॉम मी टू यू' इंग्लंडात पहिल्या नंबरावर होतं आणि अमेरिकेत एकशे सोळाच्या वर सरकलं नाही. डेल शॅननने तेच गाणं गायलं ते सत्त्याहत्तरपर्यंत पोचलं. सहा-सात महिन्यांनी अमेरिका बीटल्सच्या मागे वेडी झाली. माणसं तीच आणि गाणंही तेच होतं, हे मी माझ्या मेव्हण्याला दरवेळी ऐकवतो. त्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेत दोन मार्कांनी राहिला आहे.

इंग्लंडची गंमत निराळी. तिथे यादीच एक नव्हती. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने 14 नोव्हेंबर 1952 रोजी पहिली यादी छापली, बारा नंबरांची, आणि ती कशी केली? वीसेक दुकानांना फोन करून. पुढे 'मेलडी मेकर'ची वेगळी, 'डिस्क'ची वेगळी, 1960पासून 'रेकॉर्ड रिटेलर'ची पन्नासांची वेगळी. एका यादीत पहिला असलेला दुसरीत दुसरा. बीटल्सच्याच 'प्लीज प्लीज मी'वरून तिकडे अजून वाद घालतात. सगळ्यांनी मिळून मोठ्या संख्येने दुकानं मोजायची पद्धत सुरू झाली ती थेट फेब्रुवारी 1969मध्ये. म्हणजे माझ्या रॅकवरची जवळजवळ सगळी गाणी पडली ती फोन आणि टपालाच्या जमान्यात. ज्या दुकानात ती खपली त्या दुकानाला फोन गेला नाही, एवढंही कारण असू शकतं. उलट, कोणती दुकानं मोजतात याचा सुगावा लागला की गाणाऱ्यांचे मॅनेजर लोक तिथेच माणसं पाठवून आपल्याच प्लेटा विकत घ्यायचे, असे आरोप त्या काळात सर्रास होत. पंचायतीच्या निवडणुका बघितलेल्याला यात नवीन काही वाटू नये.

आता हे खूळ मला कसं लागलं ते सांगतो. इंग्रजी गाण्यांचा आणि आमच्या घराचा काहीच संबंध नव्हता. आमचं घर डिचोली तालुक्यातलं. आजोबा भजनी, काका हौशी नाटकांत पेटी वाजवणारे, घरात लाखेच्या जुन्या रेकॉर्डी होत्या त्या नाट्यपदांच्या. इंग्रजी मला सर्किट डायग्रॅम वाचण्यापुरतंच येतं. 2004 साली हळदोण्याहून एका आंटीचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र, दुरुस्तीला आला. व्हॉल्वचा, कपाटाएवढा, चार माणसांनी टेम्पोतून उतरवला. दोन कपॅसिटर फुटलेले होते आणि इडलर व्हीलचं रबर दगडासारखं झालेलं. तीन आठवडे लागले. पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी एक पत्र्याची ट्रंक दाखवली. "हें सगळें व्हर रे, उडोवंक मन जायना म्हजें." घेऊन जा म्हणाल्या, टाकून द्यायला मन होत नाही.

त्यांचे यजमान तारवटी होते. पी अँड ओच्या बोटीवर स्टुअर्ड. बार्देस आणि सालसेतमध्ये अशी घरं किती आहेत ते सांगायला नको. मुंबईत धोबीतलावच्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात राहायचं, बोट मिळाली की नऊ-दहा महिने दर्यावर, आणि येताना ट्रंकेत साबण, चॉकलेटं, नायलॉनचे शर्ट, रेकॉर्डी. त्या ट्रंकेत त्रेसष्ट सिंगल्स निघाल्या.

मी त्या दुकानात आणून टेबलावर पसरल्या आणि मला एक गोष्ट दिसली ती अजून डोळ्यांसमोर आहे. बीटल्सच्या तीन आणि क्लिफ रिचर्डच्या दोन प्लेटा राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. खाचा घासून घासून पांढरट पडलेल्या, एका प्लेटवर मेणबत्तीचं मेण, एकीवर बहुतेक दारूच्या ग्लासाचा गोल. लग्नं, लग्नाआधीचे रॉस, शेजारपाजाऱ्यांच्या पार्ट्या, "आंटी, ती प्लेट दे गो दोन दिवस" म्हणून नेलेल्या. त्या काळच्या सिरॅमिक पिकअपचं, म्हणजे सुईच्या डोक्याचं, वजन पाच-सहा ग्रॅम, कधी जास्तच. आता मी वापरतो त्याचं दोन ग्रॅम. एवढं ओझं घेऊन तीच सुई तीनशे वेळा फिरली की गाण्याची साल निघते.

आणि बाकीच्या पन्नासेक प्लेटा काळ्याकुळकुळीत. तोंड दिसेल अशा. ज्यांची नावं कुणी ऐकली नव्हती त्या.

मग लक्षात आलं की यात योगायोग काहीच नाही. न चाललेली गाणी गोव्यात आली कारण ती स्वस्त होती. नव्या सिंगलला तेव्हा इंग्लंडात साडेसहा-सात शिलिंग पडायचे, स्टुअर्डच्या पगारात ते जड. पण दुकानात न खपलेल्या आणि ज्यूकबॉक्समधून काढलेल्या प्लेटा खोक्यात ढिगाने मिळायच्या. आमचे तारवटी त्या घ्यायचे. आणि गोव्यात आल्यावर त्या टिकल्या, कारण इथेही त्या कुणाला नको होत्या. बेल वाजवत आलेला पाहुणा बीटल्स मागायचा. हिट गाणी लोकांनी प्रेमाने मारली, पडलेली दुर्लक्षाने वाचली. मला तरी संग्रहाचं एवढंच कारण पुरतं. ऐकायला मिळतं ते चांगल्या आवाजात मिळतं.

भोकाचं सांगायचं राहिलं. ब्रिटिश सिंगलला मुळात छोटंच भोक असायचं, प्लेअरच्या बारीक खुंटीत बसणारं. पण भोकाभोवतीची चकती तीन किंवा चार बारीक दांड्यांवर तोललेली. अंगठ्याने दाबली की कट् करून सुटते आणि ज्यूकबॉक्सच्या जाड खुंटीला लागतं तेवढं मोठं भोक तयार. आंटीच्या ट्रंकेतल्या वीस-बावीस प्लेटांचा मधला भाग असा गेलेला. तिकडे त्यात बसवायला प्लॅस्टिकचा तुकडा मिळतो. इथे मी ओळखीच्या सुताराकडून फणसाच्या फळकुटाच्या बारा चकत्या कापून घेतल्या. त्यातल्या चारांचीच भोकं नीट मधोमध होती. बाकीच्या चकत्यांवर प्लेट ठेवली की गाणारा पाच पेग घेऊन गायल्यासारखा वर-खाली हेलकावतो. त्या आठ मी फेकल्या नाहीत. पाहुण्यांना दाखवायला बऱ्या पडतात.

आता एक काम करा. तुमच्याकडे पार्लोफोन, एचएमव्ही किंवा कोलंबिया या लेबलची, इंग्लंडात छापलेली साठच्या दशकातली सिंगल असेल तर ती दिव्याखाली तिरकी धरा. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिथे बघा. सहा वाजतात तिथे लांबलचक नंबर कोरलेला असतो. नऊ वाजतात तिथे एक आकडा. आणि तीन वाजतात तिथे एखादं, दोन किंवा तीन इंग्रजी अक्षरं, इतकी पुसट की मी घड्याळजीचं भिंग लावतो. ही अक्षरं म्हणजे साच्याचा नंबर आहे. ग्रामोफोन लिमिटेड या शब्दांतून दहा अक्षरं घेतली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, असं करत टी म्हणजे नऊ आणि डी म्हणजे शून्य. एक साचा काहीशे प्लेटा छापून झिजतो, मग दुसरा लावतात. म्हणजे 'जीएम' दिसलं तर चौदावा साचा. आंटीच्या बीटल्सच्या एका प्लेटवर तीन अक्षरं आहेत, म्हणजे शंभराच्या वरचा साचा! त्याच लेबलच्या पडलेल्या प्लेटेवर नुसतं 'जी'. पहिला साचा, आणि बहुधा तोच शेवटचा. लंडनजवळच्या हेजच्या कारखान्यात कुणीतरी तो साचा लावला, मागणी आली नाही, काढून ठेवला.

मला तरी यादीतल्या नंबरापेक्षा हे एक अक्षर जास्त बोलकं वाटतं. यादी फोनवरून केलेली. हे कारखान्यात कोरलेलं.

नुसतं 'जी' असलेली माझ्याकडची सगळ्यात लाडकी प्लेट म्हणजे टुमॉरो नावाच्या बँडची 'माय व्हाइट बायसिकल', पार्लोफोन, 1967. पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं पिकअपची वायर सुटली, कारण सुरुवातीलाच टेप उलटी फिरवल्यासारखे आवाज येतात. खरोखरच उलटी फिरवली आहे. मग तालात एकच शब्द कळला, बायसिकल. त्याच वेळी बाहेर पोदेराचा भोंपू वाजला. पों-पों. संध्याकाळचे साडेचार, पाव घेऊन येणारा सायकलवाला. माझ्यासाठी ते गाणं तेव्हापासून पोदेराचंच आहे. पुढे कळलं की मूळ विषयही फार लांबचा नाही. ॲमस्टरडॅममध्ये काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर ठेवून दिल्या होत्या, ज्याला हवी त्याने न्यावी आणि पोचल्यावर सोडून द्यावी. त्यावरचं गाणं. लंडनच्या क्लबांत ते गाजलं, यादीत मात्र आलं नाही. त्यातला गायक कीथ वेस्ट त्याच वर्षी दुसऱ्या गाण्याने एकट्याच्या नावावर दुसऱ्या नंबरापर्यंत पोचला. आणि 1975मध्ये नाझरेथ नावाच्या बँडने हेच सायकलचं गाणं पुन्हा केलं, ते चौदाव्या नंबरावर गेलं. आठ वर्षांनी, दुसऱ्याच्या हातून. ते मी ऐकलं आहे. जास्त जोरात आहे, एवढंच.

पण इथे एक खरं सांगून टाकतो, नाहीतर कुणी समजेल माझ्या रॅकवर चारशे बारा हिरे आहेत. नाहीत. चाळीस असतील. उरलेली गाणी पडायच्या लायकीचीच होती. एक गाणं चाललं की त्याच्या चालीवर, त्याच केसांची, तशाच कोटांची बारा गाणी काढायची, ही रीत तिकडेही होती. माझ्याकडे सितार वाजवलेल्या चार प्लेटा आहेत, 1966-67च्या. जॉर्ज हॅरिसनने सितार हातात घेतली आणि मग प्रत्येक स्टुडिओने एकेक भाड्याने आणली असावी. आमच्या गावच्या देवळातल्या बैठकीत कुणी असं वाजवलं असतं तर पुजाऱ्याने प्रसाद दिला नसता. त्यातल्या एका प्लेटेत सितार म्हणजे अधूनमधून मोहरी तडतडल्यासारखा आवाज आहे. फोडणीच म्हणा. तरी ठेवली आहे. तिची दुसरी बाजू सुंदर आहे, बिनसितारीची.

दुसरी बाजू हा वेगळाच विषय आहे. पहिल्या बाजूवर कंपनीची नजर असायची, दुसऱ्या बाजूवर पोरांना मोकळं सोडायचे. शेवटच्या अर्ध्या तासात उरकलेलं काहीतरी. माझ्या चाळिसांतली निम्मी दुसऱ्या बाजूची आहेत.

लोक विचारतात, याची किंमत किती? तिकडे ही आवड फार मोठी आहे आणि वेडीही. उत्तर इंग्लंडात सत्तरच्या दशकात लोक पडलेल्या अमेरिकन सोल गाण्यांवर रात्रभर नाचायचे. विगनच्या कसिनो नावाच्या हॉलमध्ये 1973पासून 1981पर्यंत हे चाललं. जितकी प्लेट पडलेली आणि दुर्मीळ तितका डीजे मोठा. आणि तो आपल्या प्लेटेच्या लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा, खोटं नाव लिहायचा, म्हणजे दुसऱ्याला शोधता येऊ नये. आमचे रांपणकार मासळीची जागा सांगत नाहीत, तसंच. फ्रँक विल्सनची मोटाउन कंपनीने 1965मध्ये काढलेली एक सिंगल बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली होती. तिची एक प्रत 2009मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. मी पाचशे रुपयांच्या वर जात नाही. बायकोला शब्द दिला आहे, आणि दोनदाच मोडला आहे.

विकायच्या बाबतीत मी गाढव आहे. सुरुवातीला मी बुधवारी हणजुणेच्या बाजारात एका विक्रेत्याच्या कोपऱ्यावर काही प्लेटा ठेवायचो. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने अकरा प्लेटा चाळल्या, दहा नीट परत ठेवल्या, एक उचलली आणि दोनशे रुपये दिले. घासाघीस केली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावट्यांनाही कोण घासाघीस न करता पैसे देतं? लेबलवर काय होतं ते मला आठवतं, किती होतं ते नंतर कळलं, आणि ते इथे लिहिणार नाही, कारण हे बायको वाचते.

त्याहून वाईट म्हणजे मी स्वतः केलेलं पाप. विनाइल धुवायला मी डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. गोव्याच्या पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्लेटांवर बुरशी येते, पांढरी, भाकरीच्या पिठासारखी. नुसत्या फडक्याने ती खाचेत आणखी दाबली जाते. मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, मग पुन्हा साधं पाणी, मग सावलीत उभ्या. छान निघते. एका रविवारी वीस सिंगल्स धुतल्या, हात लागलेला होता, तर काकांच्या लाखेच्या रेकॉर्डीतली एक घेतली आणि तिलाही त्याच पाण्याने पुसली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश लावणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं. मला माहीत होतं. फडकं काळं झालं, मला वाटलं धूळ निघते आहे, म्हणून आणखी जोरात पुसलं. ते नाट्यपद गेलं. काका हयात नव्हते, ते एक बरं.

विजेचाही प्रश्न होता. जुन्या प्लेअरची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, व्होल्टेजवर नाही. नव्वदीत आपल्याकडे पन्नासच्या जागी कधी साडेअठ्ठेचाळीस हर्ट्झ यायचे. म्हणजे गाणं तीन टक्के हळू, जवळजवळ पाव स्वर खाली. पेटीवर साथ करायला बसलं की कळायचं. आता ते सुधारलं. पण अमेरिकेहून कुणी प्लेअर आणला की अजून माझ्याकडे येतो, "आवाज म्हाताऱ्यासारखा येतो" म्हणून. साठ हर्ट्झची मोटर पन्नासवर चालली की पंचेचाळीसची प्लेट साडेसदतीसच्या वेगाने फिरते. मोटरची पुली बदलावी लागते. लेथवर करून घेतो. हे बिल मी कमी लावत नाही.

हल्ली प्लेटा बोटीने येत नाहीत, इंग्लंडातल्या स्विंडनहून येतात. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्ट करून तिकडे गेला, गोदामात कामाला आहे. त्या गावात इतके गोंयकार आहेत की त्याला चवथीला गणपतीवरच्या माटोळीचं सामानही मिळतं म्हणे. सुट्टीच्या दिवशी तो धर्मादाय दुकानांत खोकी चाळतो, फोटो पाठवतो. मी त्याला सांगून ठेवलं आहे, ओळखीचं नाव दिसलं तर सोड. "मामा, मग घेऊ काय?" म्हणाला. ज्याचं नाव तुझ्या तिथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यालाही माहीत नाही ते घे, म्हटलं. वर्षाला पंधरा-वीस येतात, त्याच्या कपड्यांच्या घडीत.

गेल्या पावसात शापोरचे एक अंकल आपला गॅरर्डचा ऑटोचेंजर घेऊन आले. ऐंशीच्या पुढचे, तेही तारवटी. प्लेअर ठीक झाला, तपासायला त्यांच्याच पिशवीतली एक प्लेट लावली. मोठ्या भोकाची. मी फणसाची चकती बसवली, नीट मधोमधवाली. कोणतीतरी मुलगी गात होती, मागे शिट्टी आणि तंबोरीन. नाव सांगून उपयोग नाही, मलाही माहीत नव्हतं. अंकल मान तिरकी करून ऐकत होते.

"हें हांवें केन्नाच आयकूंक ना," ते म्हणाले.

तुमचीच प्लेट आहे ना, म्हटलं. त्यांनी लिव्हरपूलला खोक्यातून दहा उचलल्या होत्या, दोन शिलिंगांच्या आत एकेक. घरी येऊन तीन वाजवल्या. मग परत बोट लागली. मग लग्न, मग कुवेत. साठ वर्षं ती प्लेट पिशवीत.

गाणं संपलं. "दुसरे वटेन कितें आसा?" त्यांनी विचारलं. मी उलटी केली, सुई ठेवली, आणि चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात वीज गेली. गाण्याचा आवाज घसरत घसरत म्हशीच्या हंबरण्यापर्यंत आला आणि थांबला. बाहेर पाऊस असा की समोरचं फार्मसीचं दुकान दिसेना. मी मेणबत्ती शोधायला उठलो. वळून बघतो तर अंकलनी खुर्ची पुढे ओढली होती, तर्जनी लेबलच्या कडेला ठेवली होती आणि प्लेट हाताने फिरवत होते. ॲम्प्लिफायर बंद, तरी सुई खाचेत फिरली की सुईचाच बारीक आवाज येतो, डबीतला किडा गातो तसा. ते कान सुईपाशी नेऊन बसले होते. वेग काही जमत नव्हता, मुलगी मध्येच म्हातारी व्हायची, मध्येच लहान.

मी दुसऱ्या बाजूने कान लावला. वीज पावणेदोन तासांनी आली.